क्रीडाकौशल्याचे सहा आधार

"अमक्याच्या अंगातच खेळ आहे, तमक्याच्या अंगात तो नाही," असा अभिप्राय आपल्याकडे फार सहजपणे दिला जातो. मुलगा गणितात मागे पडला तर आपण त्याला अपूर्णांक कळले नाहीत की त्रैराशिक, याची चौकशी करतो, त्याची शिकवणी लावतो, वेळप्रसंगी स्वतः त्याच्यापाशी बसतो. तोच मुलगा खेळात मागे पडला तर मात्र कोणीच काही विचारीत नाही. "तो त्याचा पिंडच नव्हे," एवढे म्हणून विषय संपतो. मग संघ निवडताना त्याचे नाव शेवटी येते, काही दिवसांनी येतच नाही, आणि मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या पिशव्या सांभाळणे एवढेच काम त्याच्या वाट्याला उरते. प्रत्येक शाळेत अशी मुले व मुली असतात, आणि त्यांची संख्या संघात खेळणाऱ्यांहून नेहमीच मोठी असते. त्यांच्यावर होणारा हा अन्याय हेतुपुरस्सर नसतो. तो अज्ञानामुळे होतो. ज्याला आपण "अंगात खेळ असणे" म्हणतो ती एकच एक गूढ देणगी नसून निरनिराळ्या सहा गुणांची बेरीज आहे, आणि त्यांपैकी प्रत्येक गुण निराळा ओळखता येतो, मोजता येतो व पुष्कळ अंशी वाढविता येतो, हे आम्हांस या लेखात विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावयाचे आहे.

सुदृढतेचे दोन प्रकार

शारीरिक शिक्षणाचे शास्त्र सुदृढतेचे दोन भाग करते. पहिली आरोग्याधिष्ठित सुदृढता. हृदय व फुप्फुसे यांचा दमदारपणा, स्नायूंचे बळ, स्नायूंची चिकाटी, सांध्यांची लवचीकता आणि शरीरातील चरबीचे योग्य प्रमाण, या पाच गोष्टी तीत येतात. त्या प्रत्येक माणसास हव्यात. मग तो खेळाडू असो, कारकून असो अथवा भाजी विकणारा असो. दुसरी कौशल्याधिष्ठित सुदृढता. तिची अंगे सहा आहेत: चपळाई, तोल, समन्वय, शक्ती, प्रतिक्रियाकाल आणि वेग. पहिल्या प्रकारामुळे माणूस निरोगी राहतो. दुसऱ्यामुळे तो आपल्या शरीराचा धनी होतो, म्हणजे जे करावयाचे मनात येते ते त्याच्या हातापायांकडून नेमके व वेळेवर घडते. घर बांधताना पाया व भिंती यांचे जे नाते, तेच या दोहोंचे. दम नसलेला चपळ खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत चमकतो व नंतर हरतो. आणि दम असून चपळाई नसलेला खेळाडू सबंध वेळ धावतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

आपल्या घरचा खेळ

हे सहा गुण एकत्र पाहावयाचे असल्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रात वाढलेला खो-खो त्यास पुरेसा आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळास नियमांची चौकट घालून दिली. रूढ नियमांप्रमाणे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात, आणि नववा धावतो. पळणाऱ्या संघाचे गडी तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. पळणाऱ्यास वाटेल तेथून, वाटेल तसे वळण्याची मोकळीक असते. पाठलाग करणाऱ्यास मात्र एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, व खांबाला वळसा घातल्याखेरीज पाटी ओलांडता येत नाही. त्याला दिशा बदलावयाची असेल तर बसलेल्या गड्यास पाठीमागून स्पर्श करून "खो" देणे, हा एकच उपाय. या एका नियमात खेळाचे सारे शहाणपण भरले आहे. बांधलेल्या नऊ जणांनी मोकळ्या तिघांस पकडावयाचे, तर त्यांना सहाही गुणांची पराकाष्ठा करावी लागते. २०२५ च्या जानेवारीत नवी दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या पुरुषांनी व महिलांनी अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळविली. त्या दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. ज्या खेळास पुष्कळांनी शाळकरी खेळ म्हणून बाजूस सारले, त्याने घडविलेले शरीर काय करू शकते हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

आता एकेका गुणाचा विचार करू.

१. चपळाई

शरीरावरील ताबा न सोडता दिशा झटकन बदलण्याचे सामर्थ्य म्हणजे चपळाई. वेग व चपळाई यांत लोक नेहमी घोटाळा करतात. सरळ रेषेत सर्वांच्या पुढे जाणारा मुलगा लंगडीच्या आखलेल्या चौकोनात सापडला की पहिल्याच वळणावर बाद होतो, आणि त्याच्याहून सावकाश धावणारी एखादी मुलगी तीन जणांस हुलकावणी देऊन सुटते. याचे कारण असे की, वळण्यासाठी धावणाऱ्याने आधी थांबले पाहिजे. आपला वेग जिरविणे, शरीराचा भार खाली आणणे, पावले आखूड करणे व नव्या दिशेस रेटा देणे, ही चार कामे पापणी लवते न लवते तोच करावी लागतात. जो ताठ उभा राहून वळू पाहतो त्याचा भार वरच्या बाजूस असल्यामुळे तो बाहेर फेकला जातो. जो गुडघे वाकवितो तो वळतो. म्हणून चपळाई शिकविताना "जोरात धाव" असे न सांगता "खाली बसता बसता वळ" असे सांगितले पाहिजे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक स्पर्धेतील ते पहिले ऑलिंपिक पदक होय. अंगलटीने ते लहान होते आणि हलक्या वजनाच्या गटात लढत. त्यांचा लौकिक झाला तो मुख्यतः चपळाईमुळे व डावांच्या नेमकेपणामुळे. लहान चणीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२. तोल

तोल दोन प्रकारचा असतो: स्थिर असताना राखावयाचा व हालचालीत राखावयाचा. आपल्या कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके जसे फिरते तसा तो द्रव हलतो व शरीराची स्थिती मेंदूस कळते. गरगर फिरून एकदम थांबल्यावर घेरी येते ती याचमुळे. आपण थांबतो, पण आतील द्रव काही क्षण फिरतच असतो. या नलिकांच्या जोडीस डोळे व तळपायापासून मानेपर्यंतचे स्नायू आणि सांधे, अशा तीन साक्षीदारांच्या जबानीवरून मेंदू तोलाचा निवाडा करतो. हे पडताळून पाहणे सोपे आहे. एका पायावर उभे राहा. बहुधा अर्धा मिनिट सहज जाईल. आता डोळे मिटा. एक साक्षीदार गेल्याबरोबर पाय कसा लटपटू लागतो ते कळून येईल.

हालचालीतील तोलाचा आपल्याकडील सर्वोत्तम गुरू म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस ऊर्जितावस्था आणली. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर दोन मांड्यांच्या पकडीत सारे शरीर तोलावयाचे, तर तेथे क्षणाचीही बेसावधगिरी चालत नाही. या विद्येच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे मुंबईचे उदय देशपांडे यांस २०२४ साली पद्मश्री मिळाली. स्थिर तोलाचे उदाहरण पाहावयाचे तर त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून अशा तीन प्रकारे नेम धरावयाचा असतो. त्यांत उभ्याने नेम धरणे सर्वांत अवघड, कारण तेथे श्वासाची हालचालदेखील नळीच्या टोकाशी जाऊन पोहोचते. धावणे नाही, उडी नाही, तरी तो खेळच होय. आणि त्याचा प्राण तोल आहे.

३. समन्वय

डोळा, हात व पाय यांनी एकमेकांशी मिळून काम करणे म्हणजे समन्वय. हा गुण फक्त मैदानावर दिसतो असे समजू नये. भाकरी थापणाऱ्या आईकडे पाहा. एक हात पिठाचा गोळा फिरवितो, दुसरा थापतो, डोळा तव्याकडे असतो, कान चुलीवरच्या आधणाकडे असतो, आणि भाकरी मात्र काठोकाठ सारखी होते. प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजविणाऱ्याचे दोन हात व दोन पाय निरनिराळी कामे करतात, तरी सूर एक होतो. हे दोघेही एके काळी चुकत होते. मेंदूच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू पुनःपुन्हा केलेल्या हालचाली हळूहळू नीटनेटक्या करून आपल्या ताब्यात घेतो, आणि मोठा मेंदू विचार करावयास मोकळा राहतो. नवशिक्याचे सारे लक्ष चेंडू झेलण्यात गुंतते; मुरलेला खेळाडू चेंडू झेलता झेलताच तो कोठे फेकावयाचा हे ठरवितो.

येथे सांगलीचे विजय हजारे यांचे स्मरण होणे साहजिक आहे. १९१५ साली एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या फलंदाजाने १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. पुढे १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे लिंडवॉल व मिलर यांच्यासारख्या जलद गोलंदाजांसमोर त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत, ११६ व १४५ धावांची, शतके केली. १९५२ साली मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांची बॅट धरण्याची रीत पुस्तकी नव्हती, तरीही ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांनी त्यांना मार्गदर्शन करताना ती बदलावयास लावली नाही. यातला बोध शिक्षकांसाठी आहे. हात व डोळा यांचा मेळ प्रत्येकाच्या शरीरात थोड्या निराळ्या वाटेने जमतो. तो जमला असेल तर केवळ नमुन्याबरहुकूम दिसावा म्हणून मोडू नये.

४. शक्ती

बळ व शक्ती यांतील भेदही स्पष्ट केला पाहिजे. धान्याचे पोते सावकाश उचलून खांद्यावर घेणाऱ्या हमालाजवळ बळ आहे. तेच बळ क्षणार्धात प्रकट करता आले तर ती शक्ती. पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगावयाचे तर शक्ती म्हणजे जोर गुणिले गती. उंच उडी, गोळाफेक, हॉलीबॉलमधील फटका, कबड्डीत चार जणांच्या पकडीतून उसळी मारून मध्यरेषा गाठणे, ही सारी शक्तीची कामे. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. लहानपणीच्या अपघाताने त्यांचा एक हात अधू झाला आहे. गोळा हाताने फेकला जातो असे आपल्याला वाटते. वास्तविक तो रेटा पायांतून निघतो, कंबरेतून व खांद्यातून वाढत येतो आणि बोटांतून बाहेर पडतो. ज्याने हे ओळखले त्याने एका हाताची उणीव सबंध शरीराने भरून काढली.

शक्तीच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. कुमारवयात जाणत्याच्या देखरेखीवाचून जड वजने उचलण्याची घाई करू नये, आणि उड्यांचा सराव सिमेंटच्या अंगणात न करता मातीवर, वाळूवर अथवा गवतावर करावा. वाढत्या हाडांस व गुडघ्यांस धक्के सोसवत नाहीत.

५. प्रतिक्रियाकाल

खूण मिळाल्यापासून हालचाल सुरू होईपर्यंत जो वेळ जातो तो प्रतिक्रियाकाल. डोळ्याने पाहिलेल्या खुणेस उत्तर देण्यास सामान्य तरुण माणसास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. आवाजाच्या खुणेस त्याहून थोडा कमी. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जो हलेल तो आवाज ऐकून नव्हे, तर अंदाजाने सुटला असे धरून त्याला बाद करतात. कारण मानवी शरीरास इतक्या थोड्या वेळात उत्तर देता येत नाही असे मानले आहे. २००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्ट यांनी १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत तोडून विक्रम केला, त्यातही ०.१४६ सेकंद ते जागच्या जागी होते.

आता क्रिकेटचे गणित मांडून पाहा. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद घेतो. त्यातला एक पंचमांश सेकंद नुसता चेंडू ओळखण्यात गेला तर फळी फिरविण्यास उरते किती? म्हणून मुरलेला फलंदाज चेंडू सुटण्याच्या आधीच गोलंदाजाचे मनगट, खांदा व पाऊल वाचू लागतो. येथे एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. मज्जातंतूंचा मूळ वेग सरावाने फारसा वाढत नाही. परंतु पुढे काय घडणार हे आधी ओळखण्याची दृष्टी सरावाने पुष्कळच वाढते. खो-खोत पाटीवर बसलेला गडी "खो" मिळण्याची नुसती वाट पाहत नाही. पळणाऱ्याची नजर कोणीकडे आहे, पाठीमागून येणाऱ्याच्या पावलांचा आवाज किती जवळ आला, हे तो टिपीत असतो. पाहणाऱ्यास ती जादू वाटते. वस्तुतः ते लक्ष आहे. आणि लक्ष देणे ही गोष्ट कोणासही शिकता येते.

६. वेग

सर्वांच्या डोळ्यांत भरणारा हा गुण आम्ही मुद्दामच शेवटी घेतला. पावलाची लांबी व ठरावीक वेळात पडणाऱ्या पावलांची संख्या या दोहोंच्या गुणाकारातून वेग निघतो. माणसाच्या स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात: काही सावकाश आकुंचन पावणारे व लवकर न थकणारे, तर काही झटकन आकुंचन पावणारे पण लवकर थकणारे. कोणाच्या देहात कोणते अधिक हे बऱ्याच अंशी जन्मतः ठरते. म्हणून सहाही गुणांत अनुवंशाचा हात वेगावर विशेष आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीपण धावताना हात आडवे फेकणे, मान मागे टाकणे, टाचेवर जोराने पाऊल आपटणे असे दोष काढून टाकले, तर त्याच स्नायूंतून अधिक वेग मिळतो.

मिशन शाळेच्या वार्षिकात एरिक लिडेल यांचा उल्लेख न करणे शक्य नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक शर्यती रविवारी असल्यामुळे त्यांनी त्या सोडल्या, आणि त्याऐवजी ४०० मीटरच्या शर्यतीत ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. पुढील वर्षी ते धर्मसेवेसाठी चीनला गेले व १९४५ साली तेथील बंदिवासात वारले. त्यांची धावण्याची ढब चारचौघांसारखी नव्हती. मान मागे टाकून ते धावत, आणि तरी जिंकत. वर सांगितलेल्या नियमांस असे अपवाद असतात. पण त्यामुळे नियम खोटे ठरत नाहीत.

घरच्या घरी परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, या सहा गुणांपैकी आपल्याजवळ कोणता किती आहे हे पाहण्यास महागड्या यंत्रांची गरज नाही. एक वही, एक फूटपट्टी, एक रबरी चेंडू, लाकडाचे दोन ठोकळे व सेकंद दाखविणारे घड्याळ, एवढे साहित्य पुरे.

प्रतिक्रियाकालासाठी मित्राने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी व तिचा शून्याचा आकडा तुमच्या अंगठा व तर्जनी यांच्या मधोमध ठेवावा. काही न सांगता त्याने ती सोडावी आणि तुम्ही चिमटीत पकडावी. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली तर तुमचा काल सुमारे ०.१७५ सेकंद, २० सेंटिमीटरवर ०.२० सेकंद, ३० सेंटिमीटरच्या अगदी टोकाशी पकडली तर सुमारे ०.२५ सेकंद. खाली पडणाऱ्या वस्तूच्या नियमावरून हे आकडे निघतात. वरच्या वर्गातील मुलांनी ते स्वतः काढून पाहावे. पाच वेळा करून सरासरी घ्यावी.

चपळाईसाठी तीस फूट अंतरावर दोन रेषा आखाव्या. दूरच्या रेषेवर दोन ठोकळे ठेवावे. धावत जाऊन एक आणावा व आरंभरेषेपलीकडे ठेवावा, मग दुसरा आणावा, आणि लागलेला वेळ लिहावा. तोलासाठी एका पायाच्या चवड्यावर, दुसऱ्याचे पाऊल गुडघ्याशी टेकवून, हात कंबरेवर ठेवून किती सेकंद उभे राहता येते ते पाहावे. समन्वयासाठी भिंतीपासून दोन मीटरवर उभे राहून उजव्या हाताने चेंडू भिंतीवर टाकावा व डाव्याने झेलावा, मग डाव्याने टाकून उजव्याने. अर्ध्या मिनिटात किती झेल होतात ते मोजावे. शक्तीसाठी जागच्या जागेवरून दोन्ही पायांनी लांब उडी मारावी. वेगासाठी तीस मीटर धावावे.

हे आकडे शेजारच्या मुलाशी ताडून पाहण्यासाठी नाहीत. महिन्याने पुन्हा परीक्षा घ्या आणि त्यांची तुलना आपल्याच मागील आकड्यांशी करा. सहापैकी निदान एका गुणात आपण बरे आहोत, हे जवळजवळ प्रत्येकास आढळून येईल, आणि पिशव्या सांभाळणाऱ्या मुलासही आपण कोठून आरंभ करावा हे कळेल. सराव थोडा पण रोजचा असावा. अंग गरम करून, थकवा येण्यापूर्वी, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. दमलेल्या शरीरास चपळाई शिकविली तर ते चुकाच शिकते.

जागेचा प्रश्न

यावर कोणी म्हणेल की, हे सारे खरे, पण जागा कोठे आहे? आपल्या भागात मानपाडा नावाची दोन स्थाने आहेत, एक घोडबंदर मार्गावरचे व दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेचे. आणि दोन्हीकडे हाच प्रश्न आहे. एके काळी येथे भातखाचरे व मोकळी रानेवने होती. आता तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि रस्त्यांवर वाहनांची अखंड रीघ आहे. येऊरचा हिरवा डोंगर खिडकीतून दिसतो, पण मुलाला सायंकाळी धावावयास अंगण नाही. ही अडचण काल्पनिक नाही, आणि मैदाने राखणे हे नागरिकांचे कर्तव्य आहे हेही आम्ही विसरत नाही.

तथापि थोडी जागा हाताशी घेऊन एका शिक्षकाने काय केले ते ऐका. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या शिक्षणशाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे थंडीमुळे घरात कोंडलेले अठरा दांडगे विद्यार्थी होते. लहानशा व्यायामगृहात मैदानी खेळ खेळविले तर हातपाय मोडावयाचे. नेस्मिथ यांनी विचार केला की, लक्ष्य जमिनीशी न ठेवता डोक्याच्या वर, आडवे ठेवले तर जोराने चेंडू मारून उपयोग होणार नाही. तो अलगद, कमानीने टाकावा लागेल, म्हणजे दांडगाईची जागा कौशल्य घेईल. त्यांनी दहा फूट उंच सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्मास आला. चार वर्षांनी, १८९५ साली, त्याच संस्थेचे विल्यम मॉर्गन यांनी प्रौढ माणसांस झेपावा म्हणून हॉलीबॉल योजिला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे याच संस्थेचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हे खेळ भारतातील शाळाशाळांत नेले. अडचणीच्या जागेतून कौशल्याचे खेळ निघाले, हा या इतिहासाचा अर्थ. वर सांगितलेल्या सहांपैकी पाच परीक्षांस इमारतीच्या आवारातील दहा पावले जागा पुरते. लंगडी, दोरीवरच्या उड्या, लगोरी व ठिक्कर यांना त्याहून अधिक काय लागते? आणि त्या खेळांत यांतला कोणता गुण नाही?

पालकांस दोन शब्द

पालकबंधुभगिनींनो, बारा ते पंधरा या वयात पुष्कळ मुलामुलींची उंची एकाएकी वाढते. हाडे आधी लांब होतात. त्या नव्या लांबीचा हिशेब मेंदूस जुळवून घ्यावयास काही महिने लागतात. या काळात मुलाच्या हातून पेले सांडतात, पाय उंबऱ्यास अडखळतात, काल जमणारा झेल आज सुटतो. त्याला "वेंधळा" म्हणून हिणवू नका. ही वाढीची खूण आहे, दोषाची नव्हे. नेमक्या याच वयात हिणविली गेलेली मुले मैदान सोडतात, आणि एकदा सुटलेले मैदान सहसा परत मिळत नाही. त्याच सुमारास दहावीची परीक्षा पुढे दिसू लागते व खेळाचा तास प्रथम कापला जातो. मुलींचा तर बहुधा त्याहूनही आधी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसास सरासरी साठ मिनिटे तरी अंग हलविणारा व्यायाम केला पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा वेळ अभ्यासातून चोरलेला समजू नये.

एकाच खेळास लहानपणापासून जुंपण्याची घाईही नको. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर शाळेत असताना खो-खो खेळत. पुढे त्या धावण्याकडे वळल्या, आणि २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर भारताची कोणतीही महिला धावण्याच्या वैयक्तिक अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचली नव्हती. गुण एका अंगणात मिळविलेला असला तरी तो दुसऱ्या अंगणात उपयोगी पडतो.

पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा दृष्टांत घेतला, कारण त्या नगराजवळच दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत व वाचणाऱ्यांस संयम व सराव यांचा अर्थ ठाऊक होता. प्रभूने सांगितलेला एक दाखलाही आपल्या परिचयाचा आहे. धन्याने परदेशी जाताना आपले द्रव्य तीन दासांच्या हाती कमीअधिक प्रमाणात सोपविले. ज्याला थोडे मिळाले होते त्याला थोडे मिळाल्याबद्दल कोणी बोल लावला नाही. त्याने ते जमिनीत पुरून ठेवले, याबद्दल लावला. देहाच्या देणग्यांचेही असेच आहे. सहाही गुण सर्वांस सारखे मिळत नाहीत. परंतु आपल्या वाट्यास काय आले आहे हे न पाहताच ते पुरून टाकणे, आणि त्याहूनही वाईट म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचे पुरून टाकण्यास हातभार लावणे, हे आपणांपैकी कोणाच्याही हातून न घडो. येत्या वर्षी आमच्या मैदानाच्या कडेला पिशव्यांजवळ कोणी बसलेले दिसले, तर पाहणाऱ्याने त्याला हाक मारावी, पट्टी व चेंडू घेऊन त्याच्यापाशी जावे, आणि सहापैकी त्याचा गुण कोणता ते त्याच्यासह शोधून काढावे, एवढीच आमची विनंती आहे.